घळ चढायच्या आदल्या दिवशी

मी मेली त्या दिवशी आमच्या अंगनात हजर व्हते ते असे: माझा मुलगा दिनेश, सून सुलभा, नात अश्विनी, माझी जाव जनाबाय आन गावातली साठ-सत्तर मानसं. जनाबायचा हरेश जरा उशिरा आला. मी पन व्हती. सगळ्यांच्या मागं, भेंडीच्या झाडाखाली. डोक्यावर पिवळं हेल्मेट, कंबरेला ट्रकचा पट्टा आन लुगड्याखाली नातीची ट्रॅकपँट. माझा धाकटा भाऊ सोमा त्या दिवशी न्हवता. तो दुसऱ्या दिवशी आला, आन सगळ्यांत जास्त तोच चिडला.

आता पहिल्यापासनं सांगते.

आमचं गाव वडप्याला लागून. पहिलं तिथं भात पिकायचा, आता खोके पिकतात. आमच्या खाचराच्या जागेवर गोदाम उभं राहिलं आन त्याच गोदामात माझा दिनेश सुपरवायझर हाय. ट्रक भरून घ्यायचे, बिल्टी म्हनजे मालाची पावती लावायची, हमालांवर ओरडायचं. नात अश्विनी, तिला आम्ही अशू बोलतो, ती पन तिथंच ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. आठवडाभर खोके मोजते आन रविवार आला का पाठीला पिशवी लावून डोंगरात जाते. का जाते इचारलं तर बोलते, "आजी, मोकळं वाटतं." मी जल्मभर डोंगर चढली, मला कवा मोकळं वाटलं न्हाय. डोक्यावर नेहमी काहीतरी असायचं.

माझं माहेर घाटावर, कोंडवाडीला. वाडीच्या कडेलाच एक घळ हाय. दोन्ही अंगाला सरळ उभे कडे, आन मधी मानूस जाईल येवढीच फट. काही ठिकानी हात पसरले तर दोन्हीकडं बोटं टेकतात. तळाला बैलायेवढे धोंडे, मधी तीन डोह. ऊन म्हनशील तर दुपारी घटकाभर येतं आन लगेच जातं, उसनं आनल्यासारखं. तीच आमची खाली यायची वाट. लग्न झालं तवा मी त्या घळीतनंच सासरी उतरली, नवीन लुगडं भिजू नये म्हनून डोक्याला गुंडाळून. नवरा पुढं, मी मागं. सा तासांत त्यानं एकदा पन मागं वळून बघितलं न्हाय. (वळला असता तर डोहात गेला असता. म्हनून मी मनावर घेतलं न्हाय.)

त्याच्यापुढं दर सालाला माहेरी गेली ती घळीतनंच. इथनं डोक्यावर तांदूळ न्यायचे, तिकडनं नाचनी आनायची. आई अर्ध्या वाटेपर्यंत खाली यायची. मधल्या डोहाच्या वर एक सपाट शिळा व्हती, तिथं भाकरी घेऊन बसायची. मी लांबनं दिसली का उठून उभी राहायची आन ओरडायची, "हळू ये, शेवाळ हाय." येवढंच. मायेचं दुसरं काही बोलायची न्हाय, तिला येत न्हवतं. पन शेवाळाचं सांगायला विसरायची न्हाय.

ती गेली ती श्रावनात. दिनेश तवा नववीत व्हता. निरोप आला तशी मी निघाली. एसटीचा रस्ता दरड पडून बंद. घळीच्या तोंडाशी पोचली तर आतनं पानी असं येत व्हतं का धोंडे वाजत व्हते. इरलं डोक्यावर घेऊन कड्याच्या खाली बसली. दोन दिवस बसली. पानी काय उतरलं न्हाय. फडक्यात बांधलेले तांदूळ भिजून फुगले, ते तिथंच टाकले आन परत आली. पाऊस वसरल्यावर तेराव्याला वर गेली, तर सोमा दारात उभा. सगळ्यांच्या समोर बोलला, "मुंबईवाला पाव्हना आला, नाशिकवाला आला, तुलाच घळ चढायला जमलं न्हाय. आता कशाला आलीस, आता काय आई उठून बसनार हाय?"

मी सांगायला पायजे व्हतं. पन मी पन त्याचीच बहीन. मी बोलली, "आता येईन तर घळीतनंच चढून येईन. न्हायतर येनार न्हाय."

आन उलटी फिरली. त्याला झाली तीसेक वर्सं. नवरा गेला तवा सोमानं मानूस धाडला, आपन आला न्हाय. मधी रस्ता डांबरी झाला, गाड्या झाल्या, दिनेश कितीदा बोलला, "आये, तीन तासांत पोचवतो." मी बोलली, शब्द दिलाय. दिनेश बोलला, "कुनाला?" त्याला काय सांगनार.

तर गेल्या साली थंडीत अशू मोबाईल घेऊन आली. "आजी, बघ, पुढच्या महिन्यात आम्ही इथं चाललोय. एका दिवसात पूर्ण घळ. खूप कठीण आहे म्हणतात."

मी बघितलं. दोन कडे, मधी फट, तळाला धोंडे.

"ही माझी घळ हाय," मी बोलली.

"तुझी कशी?"

"मी हिच्यातनं नाचनी आनलीय. मी येते."

अशू हसली. मी हसली न्हाय, तशी ती थांबली. दिनेश जेवत व्हता, त्याचा घास तसाच राहिला. "आये, तू नाक्यावर भाजी आनायला रिक्षानं जातेस."

"ते रिक्षावाल्याचं घर चालावं म्हनून."

"गुडघ्याला तेल लावल्याबिगर उठत न्हायस."

"आता उठते बघ," म्हनून मी उठली. उठली येवढं खरं. कशी उठली ते सुलभानं बघितलं, ती काही बोलली न्हाय. सून चांगली हाय.

त्या रात्रीच्या जेवनापासनं पंधरा दिवस घरात दुसरा विषय न्हवता. अशू बोलली, सगळे वरनं खाली उतरतात, तेच सोपं. मी बोलली, माहेर वर हाय, खालनं वर जायचं. अशूनं तिच्या ग्रुपला कळवलं का तुम्ही तुमचे जा, मी आजीला घेऊन येगळी जाते. दिनेश बोलला, पडली तर उचलनार कोन, मी पन येतो. येतो तर आला, पन त्याला एकच काम येतं, माल पोचवायचं. त्यानं गोदामातला छापील कागद आनला आन त्याच्यावर आमची घळ लिहिली. पानी बारा लिटर. ग्लुकोज चार. दोर नको, ट्रकवर माल बांधायचा पट्टा घ्यायचा, त्याला मागं खेचायची कळ असते. पहाटे पाचला निघायचं, सातला घळीच्या तोंडाशी, दोनला वर. मालाच्या रकान्यात लिहिलं, "आये, एक नग." माझ्या पिशवीवर काचेच्या पेल्याचं स्टिकर लावलं, त्याच्या बाजूला वर तोंड केलेला बान. मी इचारलं, हे काय? बोलला, "ही बाजू वर ठेवायची."

सुलभाला वाटलं, घळीत मानसं उपाशी मरतात. तिनं तांदळाच्या भाकऱ्या, बोंबलाची चटनी, सुकट, दहा उकडलेली अंडी आन लाडू असा डबा योजला. अशू बोलली, "आई, आम्ही तिघं आहोत." सुलभा बोलली, "वाटेत कोन भेटलं तर?" घळीत.

प्रॅक्टिस म्हनून मी रोज पाठीला पाच किलो तांदूळ बांधून अंगनात वीस फेऱ्या मारायची. शेजारच्या पडवीत जनाबाय बसलेली असायची. आम्ही दोघी जावा, चाळीस वर्सं एकाच भिंतीच्या दोन बाजूंनी भांडतोय.

"हिरा, ह्या वयात पँट घालतीस?"

"लुगड्याखाली हाय. तुला कशी दिसली?"

"वाऱ्यानं दिसली. तांदूळ कुठं घेऊन चाललीस?"

"माहेरी."

"मंग तिथल्या तिथं का फिरतीस?"

तिचा मुलगा हरेश हे ऐकत व्हता, आन इथं घात झाला.

हरेशला बॅनरचं येड हाय. आमच्याकडं तसं सगळ्यांनाच हाय. कोन दहावी पास झालं, बॅनर. कुनी टेम्पो घेतला, बॅनर. पन हरेशला पुढच्या पंचायतीला उभं राहायचंय, म्हनून गावात कुनाचं काही झालं तर बॅनर तोच लावतो, आन खाली कोपऱ्यात गॉगल घालून हात जोडलेला सोता असतो. तो माझ्याकडं आला आन बोलला, "काकी, सत्तरी पार करून घळ चढतेस. गावाला कळलं पायजे. बॅनर लागला पायजे."

"नको रं बाबा."

"तू नको बोलनारच. मोठी मानसं नकोच बोलतात." आन सुलभाकडनं माझा फोटो घेऊन गेला.

आता माझा एकटीचा फोटो घरात एकच. निजामपुऱ्यातल्या स्टुडिओत मी आपल्या पायानं जाऊन काढला व्हता, डोक्यावर पदर, तोंड बंद. मेल्यावर पोरांची फोटोसाठी धावपळ नको, म्हनून चौकट करून ट्रंकेत ठेवलेला. सुलभानं तोच दिला. दुसरा कुठनं देनार.

हरेशनं फ्लेक्सवाल्या अन्सारभाईला फोन लावला. मी समोर व्हती, मी ऐकलं. "भाई, वो पिछली बार का डिझाईन है ना, उसी में फोटो और नाम बदल दो. मेरा फोटो वैसाच रहने दो. शनिवार को नाके पे लगा देना." हरेशच्या मनात पिछली बार म्हनजे त्याचा सोताचा वाढदिवस. पन वाढदिवसानंतर त्यानं अन्सारभाईकडनं अजून एक बॅनर करून घेतला व्हता, खालच्या आळीतला एक म्हातारा गेला त्याचा. ते हरेश विसरला. अन्सारभाई हिशेबी मानूस, तो विसरला न्हाय. वर फोटो बदलला, नाव बदललं, खाली हरेशनं धाडलेली घरच्यांची नावं टाकली. आन फोटोतली बाई गरीब वाटली म्हनून आपल्या मनानं दोन कमळं जास्त टाकली.

शनिवारी दुपारी त्याच्या मानसांनी बॅनर नाक्यावर बांधला. "भावपूर्ण श्रद्धांजली" आन खाली मी, ट्रंकेतली. माझ्या खाली शोकाकुल म्हनून दिनेश, सुलभा, अशू आन गॉगल घातलेला हरेश. हरेशनं तो बघितला न्हाय, तो कशेळीला हळदीत नाचत व्हता.

आन आम्ही चौघं कुठं व्हतो? घराला कुलूप लावून गोदामात. उद्या निघायचं म्हनून शेवटची प्रॅक्टिस. दिनेशचा फोन सारखा वाजत व्हता, त्यानं बंद करून ठेवला. बोलला, "शनिवारी सगळ्यांनाच माल आजच पायजे असतो."

गोदामात पोत्यांची थप्पी व्हती, घराच्या माळ्यायेवढी उंच. पायऱ्या पायऱ्यांनी रचलेली. दिनेशनं माझ्या कंबरेला पट्टा बांधला, हेल्मेट घातलं आन बोलला, "हा तुझा कडा. चढ." चार हमाल काम सोडून बघायला आले. एक उत्तरेकडला व्हता, तो पट्टा धरून खालनं सांगायला लागला, "माताजी, बायां पैर. अब दाहिना. आराम से." मी बोलली, "मला पाय कळतात, बाबा." पन खरं सांगते, त्यानं सांगितलं तसाच पाय टाकत व्हती.

वर पोचली. वर भिंतीला हवेसाठी जाळी हाय. खालनं कवा दिसलं न्हवतं, पन त्या जाळीतनं लांब डोंगर दिसत व्हते. गोदामांच्या पत्र्यांच्या पलीकडं, हायवेच्या धुळीच्या पलीकडं, निळी रेघ. त्या रेघेवर कुठंतरी कोंडवाडी. मी पोत्यावर बसली. तीस वर्सं मी ह्या गोदामाच्या जागेवर राबली, भात लावला, भात कापला, आन इथनं डोंगर दिसतात हे मला पोती चढल्यावर कळलं. खाली वाकलेली असायची ना.

"आये, उतर," दिनेश बोलला. "शिफ्ट सुटली."

"बसू दे जरा."

त्यानं हमालाला हात केला. हमालानं पट्टा धरून ठेवला.

दिवस मावळायच्या आधी आम्ही मागच्या गल्लीनं घरी आलो. दिनेश, सुलभा आन अशू सामान घेऊन पुढं, मी पाय ओढत मागं. वळनावर पोचली तर अंगन मानसांनी भरलेलं. पांढरे कपडे. कोपऱ्यात हिरवे बांबू, सुतळी, एक नवीन मडकं. दिनेशला लोकांनी मधी घेतलं आन त्याच्या गळ्यात पडले. तो "काय झालं, काय झालं" करत व्हता आन लोक त्याला सांगत व्हते, "धीर धर." अशूला पन बायकांनी धरलं. माझ्याकडं कुनी बघेना. मी भेंडीखाली थांबली. पुढं पाठमोरी एक बाई उभी, तिला हळूच इचारलं, "कोन गेलं ओ?"

"हिराबाय," ती न वळता बोलली.

"कवा?"

"सकाळी. घराला कुलूप हाय म्हनजे हॉस्पिटलात असनार. बॉडी यायचीय."

"कशानं?"

"ते डोंगराचं येड घेतलं व्हतं ना डोक्यात. त्यानंच."

मला पन ते पटलं.

पडवीच्या खांबाला टेकून जनाबाय रडत व्हती. मनापासनं रडत व्हती, त्यात शंका न्हाय. "माझी जाव गं, मला एकटीला टाकून गेली गं. आता मी कुनाशी भांडू गं. स्वभावानं कडक व्हती पन मनानं चांगली व्हती गं. माझा खलबत्ता नेलास तो दिवाळीपासनं परत न्हाय दिलास गं." आजूबाजूच्या बायका माना हालवत व्हत्या. मी पुढं झाली. हेल्मेट काढलं. जनाबायनं वर बघितलं. रडनं थांबलं. खालनं वरपर्यंत मला बघितलं, पट्टा बघितला, पँट बघितली. मंग नाक पुसून हळू आवाजात बोलली, "खलबत्ता तुझ्याकडं हाय का न्हाय, येवढं खरं सांग."

"सुलभाकडं हाय."

"मला वाटलंच."

मंग जो गोंधळ झाला तो झाला. कोन हसलं, कोन पळालं, कोन माझे हात चाचपून बघत व्हतं. बांबू कापून आननारा म्हातारा मातर रागावला. "येवढे सरळ बांबू भेटत न्हायत आता," बोलला, "आता ह्यांचं काय करू?" जसं काय माझी चूक. तेवढ्यात हरेश मोटारसायकलवरनं आला, तोंडाला हळद, अंगावर पिवळा कुर्ता. पांढरे कपडे बघितले आन तोच रडायला लागला. कोन गेलं म्हनून इचारलं न्हाय, आधी रडला. पुढाऱ्याचे गुन हायत त्याच्यात. मंग मी दिसली, मंग कुनीतरी त्याला मोबाईलवर बॅनर दाखवला. हळदीखाली मानूस पांढरा पडतो ते मी तवा पहिल्यांदा बघितलं.

"काकी, मी वाढदिवसाचं बोललो व्हतो."

"माझा वाढदिवस हाय का उद्या?"

"न्हाय, पन..."

"गप बस," जनाबाय बोलली, आन आपल्या पोराला तिनं पहिल्यांदाच माझ्या बाजूनं शिवी दिली.

मला वाटलं, झालं, हसलो, आता झोपायचं, पहाटे निघायचं. पन बांबू बघून जुनी मानसं बसली ती उठेनात. तिरडी दारात आली म्हनजे ती रिकामी जात न्हाय, बोलले. ज्या मानसाच्या नावानं आली त्यानं गावदेवीला नारळ दिल्याबिगर गावाची येस ओलांडायची न्हाय. देवीचा वार मंगळवार.

"मंगळवारी मला सुट्टी नाही," अशू बोलली. "आजी, एवढी एकच सुट्टी होती. पुढं गोदामाचा सीझन आहे, रविवारची पण सुट्टी नाही. मग ऊन चढेल. मग पाऊस."

मी दिनेशकडं बघितलं. तो छापील कागदाकडं बघत व्हता. "आये, काही वाईट झालं तर लोक मलाच बोलतील," बोलला. त्याचं पन बरोबर.

मी वाद घातला न्हाय. पहिल्यापासनं मला सवय हाय, पानी उतरलं न्हाय तर परत यायची. रविवारी सकाळी पाचला आपसूक जाग आली. पिशवी दाराशी, काचेच्या पेल्याचं स्टिकर वर. उजाडेपर्यंत तिच्याजवळ बसली. मनात बोलली, हिरा, आता तू ही घळ चढत न्हायस. पुढच्या थंडीला गुडघे न्हायत. सुलभानं चहा दिला, तो निवून गेला.

दुपारपर्यंत लांबचे पाव्हने येऊन गेले. जिवंत बघून काही खूश झाले, काही भाडं खर्चून आलेले. साडेतीनच्या सुमाराला दारात एक म्हातारा आला. शर्ट फाटलेला, ढोपरं सोललेली, एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा. सुलभा पुढं गेली.

"कुठं ठेवलीय?" त्यानं इचारलं.

"काय?"

"माझी बहीन."

मी आत घळीसाठी केलेली भाकरी बोंबलाच्या चटनीशी खात व्हती. (फुकट कशाला घालवायची.) आवाज वळखला. तीस वर्सांनी पन वळखला. घास तोंडात घेऊनच बाहेर आली.

सोमानं मला बघितलं. बघतच राहिला. मंग बोलला, "जिवंत हायस?"

"हाय."

"मंग मी कशाला उतरलो?"

"मला काय माहीत. मी बोलावलं का?"

"नाक्यावर बॅनर लावलास ना. कोंडवाडीत सगळ्यांच्या मोबाईलवर आला."

"मी न्हाय लावला. हरेशनं लावला."

"मेली न्हायस तर मेली न्हाय असा बॅनर लावायचा," सोमा बोलला आन पायरीवर बसला. सुलभानं पानी दिलं, ते त्याच्या हातातनं सांडलं. मी शेजारी बसली. अशू दारात उभी व्हती, ती पन आत गेली.

"एसटीनं का न्हाय आलास?" मी इचारलं.

"सकाळची दुपारी येते. तोवर तुला जाळली असती." त्यानं पावलं पुढं केली, बघत राहिला. "दिवस उगवताना घळीत शिरलो. आता वाहतं पानी न्हाय, तरी सा तास लागले. दोनदा पडलो. चप्पल डोहात गेली. खाली येऊन जीपनं इथं पोचायला अजून दोन तास." मंग थांबून बोलला, "तवा तर श्रावन व्हता."

"व्हता."

"तू खालपर्यंत आली व्हतीस?"

"दोन दिवस बसली व्हती. तोंडाशीच, कड्याखाली. इरलं घेऊन."

"मला कोन बोललं न्हाय."

"तू इचारलं न्हायस."

तो पायाकडं बघत राहिला. मी पन त्याच्या पायाकडंच बघत व्हती. मंग आत जाऊन हळद-तेल आनलं आन त्याच्या ढोपराला लावलं. लहानपनी लावायची तसंच, जरा जोरात. तो ओरडला. मी बोलली, "गप."

संध्याकाळी भाकरी खाताना मी इचारलं, "मधल्या डोहावरची शिळा हाय का अजून? आई बसायची ती."

"न्हाय," सोमा बोलला. "दरडीत गेली. लय वर्सं झाली. आता तिथं नुसती घसरन हाय."

"बरं," मी बोलली.

मंगळवारी देवीला नारळ दिला आन दिनेशनं सोमाला आन मला गाडीनं कोंडवाडीला पोचवलं. तीन तासांत. ज्यासाठी मी तीस वर्सं अडून बसली, ते तीन तासांत झालं, आन त्यातला एक तास मी झोपली. माहेरचं घर पत्र्याचं झालंय. सोमाच्या सुनेनं ओटी भरली. मी बोलली, मला घळीच्या कडेला न्या. दिनेश बोलला, नेतो, पन पट्टा बांधायचा. कंबरेला बांधला आन दुसरं टोक गाडीच्या हुकाला अडकवलं. अशी मी माझ्या घळीच्या माथ्यावर उभी राहिली, गाडीला बांधलेल्या म्हशीसारखी.

खालनं वारा येत व्हता. ओल्या दगडाचा वास, तोच. कडे तसेच. खाली अंधार तसाच, डोह दिसत न्हवते. तिथनं कोनी ओरडेल म्हनून मी ऐकत राहिली. खुळ्यासारखी. तिथनं कोन ओरडनार. मी एक पाऊल पुढं टाकलं, तर पट्टा ताठ झाला.

"आये, बस झालं," दिनेश मागनं बोलला.

"माझी ढोपरं बघ, मंग काय ते ठरव," सोमा बोलला.

मी ठरवलं काही न्हाय. गाडीत बसली.

आता सोमा रोज संध्याकाळी फोन करतो. जेवलीस का इचारतो, दुसरं त्याला पन येत न्हाय. अशूचं लग्न ठरलंय, ती पुन्याकडं चाललीय. दिनेशला घळीचं नाव काढलं तरी तो ट्रक भरायला निघून जातो. घळ चढून माहेरी जायचं ते राहिलंच. शिळा न्हाय हे मला माहीत हाय. घसरन हाय तर घसरन, तिथं बसून मला एक भाकरी खायचीय, बस.

म्हनून हे वाचनाऱ्याला येवढंच सांगनं हाय: तुमच्यातलं कोनी थंडीत त्या घळीला जानार असंल, तर मला घेऊन चला. माझं वजन एकेचाळीस किलो हाय, आमच्या गोदामातल्या पोत्यापेक्षा नऊ किलोनं कमी. वाटेत मी जास्त बोलत न्हाय. भाकरी माझी मी आनते. पहाटे पाचला तयार असते, नुसती हाक मारा.